महाजाल केंद्र, सर्वांना मोफत

१ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन डायरी. बायकोच्या, म्हणजे रूपलच्या, भावाने दिलेली. बोईसरच्या कुठल्या तरी पंप विकणाऱ्याची जाहिरात आहे. प्रत्येक पानावर पाण्याच्या मोटरचं चित्र. दुर्लक्ष करणे.

या वर्षी संकल्प एकच, पण दणदणीत. गावाचं सार्वजनिक वाचनालय ऑनलाइन करणे. लोकांनी वाचनालयात यावं आणि घरबसल्या शिकावं. (वाक्य नंतर दुरुस्त करणे.)

कारण काल वाचनालयाचे अध्यक्ष भेटले. मच्छीमार सोसायटीने वाचनालयाचा हॉल मागितला आहे. जूनपासून मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी ठेवायला जागा लागते म्हणे. मे महिन्याच्या सभेत हात वर करून निर्णय होणार. अध्यक्ष म्हणाले, हॉलमध्ये पेपर वाचायला तिघं येतात आणि त्यातले एक तुम्ही.

अठरा वर्षं मी इथला ग्रंथपाल. जिथे ग्रंथ तिथे जाळी? मनात म्हटलं, बघाच आता. तोंडाने "बरं" म्हटलं.

४ जानेवारी
दिवसभर वेबिनार. विषय: ग्रंथालये आणि ऑनलाइन शिक्षण. अतिशय मौलिक. रूपल म्हणते मी घोरत होतो. मी डोळे मिटून ऐकत होतो, त्याने एकाग्रता वाढते. माझा माइक चालू होता हे मात्र कोणी तरी सांगायला हवं होतं.

सर्टिफिकेट लगेच आलं. सावे आडनाव इंग्रजीत लिहिलं की जे होतं तेच झालं. निवेदिका दिवसभर मला "मिस्टर सेव्ह" म्हणत होत्या. राग आला नाही, उलट संकेत दिसला. सेव्ह म्हणजे वाचवणे. वाचनालय वाचवायला कुंदन सावेच लागणार.

सर्टिफिकेट फ्रेम करायला दिलं.

८ जानेवारी
राउटर बसला. बोईसरला मोबाइलचं दुकान असलेल्या विनोदने बसवून दिला. वायर पायऱ्यांवरच्या खिडकीपर्यंतच पुरली. आत लोखंडी कपाटं, त्यामुळे रेंज आत येत नाही. पायऱ्यांवर फुल्ल, माझ्या टेबलावर एक काडी, तीही मधूनच.

विनोद म्हणाला कपाटं हलवा. मी रुजू झाल्यापासून ही कपाटं हललेली नाहीत. मी म्हटलं, राउटर हलव. तो म्हणाला, वायर नाय. विषय तिथेच संपला.

तसंही मला रेंजची गरज नाही. मी देणारा आहे.

१० जानेवारी
फलक तयार. 'इंटरनेट' हा शब्द लिहू दिला नाही. मराठी वाचनालयाच्या कपाळावर परका शब्द कशाला? खूप विचार करून 'महाजाल' घेतला. पेंटर औद्योगिक वसाहतीत राहणारा, हिंदी बोलणारा. विचारत होता, महाजाल मतलब? मी नीट समजावून सांगितलं. तोवर त्याने 'मोफत'चा फ रंगवून घेतला.

फलक असा: 'महाजाल केंद्र. सर्वांना मोफत. नावनोंदणी सुरू.'

आमची शिपाई मंदा झाडू हातात धरून बराच वेळ फलकाखाली उभी होती. मग म्हणाली, सर, बंदरावर महाजाल म्हंजे वेगलं हाय. मी म्हटलं, शुद्ध भाषा सुरुवातीला वेगळीच वाटते. ती झाडायला लागली.

१३ जानेवारी
अभूतपूर्व. हाच शब्द.

दार उघडायच्या आधीच रांग. आणि कोणाची, तर बंदरावरच्या लोकांची, ज्यांनी आजवर पेपरसुद्धा फक्त बोंबील बांधायला नेला. सुकी मासळी विकणारी जमनाआजी टोपली पायरीवर ठेवून सर्वांत पुढे. नावं लिहून हाताला रग लागली. माझा अंदाज होता लोक हळूहळू येतील. तहान एवढी असेल असं वाटलं नव्हतं.

दादूकाका म्हणजे जुने तांडेल. सगळं आयुष्य बोटीवर गेलं, शाळेत बहुधा मतदानापुरते गेले असतील. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आस किती हाय?"

मला भरून आलं. म्हटलं, "दादूकाका, आस अमर्याद आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अमर्याद? मंग मासा राहील कसा त्यात?"

काय वाक्य आहे! मासा म्हणजे ज्ञान. माणसाची आस अमर्याद असेल तर ज्ञान त्यात ठरणार कसं? मोठमोठ्यांना सुचलं नसतं. लगेच उतरवून ठेवलं, उद्घाटनाच्या भाषणात वापरणार.

जमनाआजीने विचारलं, नायलॉनचं आहे का. केबलबद्दल असणार. मी म्हटलं फायबर. ती खूश झाली. म्हणाली, फायबर तं टिकंल.

१९ जानेवारी
'ज्ञानसागर' व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग, घरी. भाग पहिला: ग्रंथ म्हणजे काय?

पहिला टेक: शिफ्टच्या बसचा हॉर्न. दुसरा टेक: शेजारच्यांनी बोंबील वाळत घातलेत, तिथे मांजरांचं भांडण. तिसरा टेक: ग्रंथ म्हणजे काय ते मीच विसरलो. चौथा उत्तम. पाऊण तास सलग बोललो. मोबाइल रूपलने धरला होता. तिचा हात हळूहळू वर गेल्यामुळे शेवटी फक्त माझं कपाळ दिसतं. हरकत नाही, आशय महत्त्वाचा.

अपलोड केला. आता गाव बघेल.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर केंद्राचं उद्घाटन. हॉल खचाखच. अध्यक्षांनाही खुर्ची शोधावी लागली, ते बघून बरं वाटलं. जमनाआजीचा मुलगा चक्क टेंपो घेऊन आला होता. रिकामा. मागची फळी उघडून, पाठ दाराकडे करून लावला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना आणायची सोय.

भाषण मनासारखं झालं. दादूकाकांचं वाक्य त्यांचं नाव घेऊन म्हटलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. खोल विचारांचा परिणाम असाच होतो. मग टेबलावरचं कापड ओढलं. खाली लॅपटॉप.

लोक टेबलाखाली वाकून बघायला लागले.

जमनाआजीने विचारलं, "जालं कुठं हाय?"

मी हसून सांगितलं, आजी, इथेच आहे, आपल्या सगळ्यांभोवती पसरलंय, फक्त डोळ्यांना दिसत नाही. दादूकाकांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि उठले. त्यांच्यामागे सगळेच उठले. टेंपोची फळी लावल्याचा आवाज आला. चहा पातेलंभर उरला.

निष्कर्ष: लोक भारावले. पहिल्याच दिवशी इतकं पेलत नाही.

मंदा काही तरी सांगायला आली होती. म्हटलं, आज नको.

३० जानेवारी
मंदाने सांगितलंच. बंदरावर महाजाल म्हणजे मोठं मासेमारीचं जाळं. लोकांना वाटलं, सरकारची योजना आहे आणि वाचनालयात फुकट जाळी वाटणार आहेत.

गैरसमज त्यांचा. शब्द माझा बरोबर आहे. फलक काढणार नाही. लोकच एक दिवस शब्दापर्यंत येतील.

नावनोंदणीतली नावंही तशीच ठेवतो. नाव दिलंय म्हणजे दिलंय.

११ फेब्रुवारी
'ज्ञानसागर'ला दोन व्ह्यूज. एक माझा, एक रूपलचा. रूपल म्हणते तिने बघितला नाही. म्हणजे दुसराही माझाच. तरी म्हणता येईल की पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो.

इकडे पायऱ्यांवर वेगळाच उपद्रव. जमनाआजीची नात उन्नती रोज दुपारी येऊन बसते. कानात इअरफोन, मांडीवर वही, समोर मोबाइल. नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, त्याचे ऑनलाइन क्लास चालू आहेत म्हणे. घरी रेंज नाही. तिचं बघून रिद्धी आणि तेजलही येऊ लागल्यात. तिघी मान खाली घालून बसतात आणि आल्यागेल्याला वळसा घालावा लागतो.

म्हणजे वाचनालयाचा उपयोग कोणी करत नाही, नुसतं वायफाय वापरतात. असं कसं चालेल?

उन्नतीला म्हटलं, आत येऊन पहिला भाग बघ. ती म्हणाली, सर, आत रेंज नाय. प्रत्येक गोष्टीला कारण तयार.

२० फेब्रुवारी
पत्र्याची पाटी करून खिडकीच्या वर ठोकली. 'पायऱ्यांवर बसण्यास मनाई. ग्रंथपाल.' खाली सही पण केली, म्हणजे वजन येतं.

दुपारी बघतो तर तिघी उभ्या. उन्नती एका हाताने मोबाइल धरून, वही भिंतीला टेकवून लिहीत होती. पाटीवर 'उभे राहण्यास' लिहायचं राहिलं. जागा उरली नाही.

२७ फेब्रुवारी
मराठी भाषा गौरव दिन. औचित्य साधून वायफायचा पासवर्ड बदलला. आता शुद्ध मराठी: ज्ञानपिपासा. मोबाइलवर लिहायचा मात्र इंग्रजी अक्षरांत, त्याला इलाज नाही.

नवा नियमही केला. 'ज्ञानसागर'चा पहिला भाग पूर्ण बघायचा, एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, मगच पासवर्ड. याला म्हणतात ऑनलाइन शिक्षण.

उन्नतीने माझ्या लॅपटॉपवर पूर्ण भाग बघितला. कपाळासकट. प्रश्न विचारला, ग्रंथ म्हणजे काय? ती म्हणाली, पुस्तक. चूक. ग्रंथ म्हणजे अज्ञानाच्या अंधारात मानवाला वाट दाखवणारा अक्षय दीप, हे बत्तिसाव्या मिनिटाला स्पष्ट सांगितलंय. म्हटलं, उद्या पुन्हा बघ.

तिने वाद घातला नाही. इअरफोन गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "सर, परीक्षा जवल आली हाय." मी म्हटलं, बाळ, परीक्षा कोणाला चुकल्यात?

हे वाक्यही चांगलं आहे. भाग दुसऱ्यात घेणे.

५ मार्च
पायऱ्या स्वच्छ. शिस्त लागली.

मंदा म्हणते, उन्नती आता रोज रिक्षाने बोईसरला जाते. विनोदच्या दुकानात कव्हरं आणि चार्जर लटकतात त्यांच्या मध्ये स्टूल टाकून बसते आणि क्लास बघते. दुकानात सारखी गिऱ्हाइकं, सगळे हिंदीत भांडतात, मुलगी कानावर हात ठेवून बसलेली असते.

मी म्हटलं, बघ, आपल्यामुळे मुलगी घराबाहेर तर पडली. मंदा झाडू घेऊन बाहेर गेली. हल्ली ती फार कमी बोलते. वयाचा परिणाम.

१४ एप्रिल
सुट्टी. मासवणला सासुरवाडी. सासूबाईंना भाग पहिला आणि दुसरा सलग दाखवले. अगदी हलल्या नाहीत. बंद केल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, झालं का जेवण?

व्ह्यूज मात्र वाढले.

२ मे
अध्यक्षांचा फोन. सभा जवळ आली. म्हणाले, सावे, तुमच्या केंद्रात काही शिकलेला एक माणूस सभेत उभा करा, मी स्वतः वाचनालयाच्या बाजूने बोलतो. एकच माणूस.

मी म्हटलं, एक कशाला, दहा उभे करतो.

घरी येऊन विचार केला. पेपर वाचणारे दोघं. एकाला दिसत नाही, एक सुडोकू सोडवतो. रूपल म्हणाली, तुम्ही तरी काही शिकलात का? टोमणा होता की सूचना, कळलं नाही.

मे आणि जून यांच्यामध्ये माझी खुर्ची आहे. ती गेली तर मी बसायचं कुठे, हा विचार आज पहिल्यांदा आला. जेवण नीट गेलं नाही.

१८ मे
वाचलो!

उन्नती प्रवेश परीक्षेत पास झाली. चांगल्या मार्कांनी. सरकारी कॉलेज मिळणार. बंदरावर पेढे वाटले, मंदाने मलाही आणून दिला. सभेत तिचा सत्कार आहे.

पेढा खाता खाता डोक्यात उजेड पडला. कुठे शिकली ती? आमच्या पायऱ्यांवर. कोणाच्या वायफायवर? आमच्या. म्हणजे ती आमचीच विद्यार्थिनी. अध्यक्षांना हवा तो एक माणूस!

आरशासमोर भाषणाची तयारी केली. "या महाजालात गवसलेला हा पहिला मोती" असा शेवट. रूपल म्हणाली, तिला आधी विचारा तरी. मी म्हटलं, आश्चर्याचा धक्का द्यायचाय.

२५ मे
सभा झाली. लिहायचं नव्हतं, पण आजवर एकही महत्त्वाचा दिवस रिकामा सोडलेला नाही.

उन्नतीला शाल-नारळ दिल्यावर मी उठलो आणि भाषण केलं. मोती म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, हॉल राहिला.

मग उन्नतीने माइक मागितला. "सर बोलले ते खरं हाय. मी पायरीवर बसून शिकत होते. तिकडं शांत असायचं, मला लय बरं वाटायचं. मंग सरांनी पासवर्ड बदलला. उरलेलं मी विनोददादाच्या दुकानात स्टुलावर बसून केलं."

एवढंच. आवाजात राग असता तर काही उत्तर देता आलं असतं.

तेवढ्यात मागून दादूकाका उठले. "या सरांना मी पयल्या दिवशी इचारला, आस किती हाय. हे बोलले अमर्याद."

हॉलमध्ये हशा फुटला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, जमनाआजीला ठसका लागला, अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. सगळे हसतायत म्हणून मीही हसलो. मग हळूच रूपलला विचारलं, आस म्हणजे काय? तिने अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला. जाळ्याचं एकेक भोक किती मोठं, त्याला आस म्हणतात. म्हणाली, हे तर मासवणला नदीत गळ टाकणाऱ्यालाही माहीत असतं.

म्हणजे आयुष्यभर जाळी ओढलेल्या तांडेलाला मी सांगितलं होतं की या जाळ्याचं भोक अमर्याद आहे. आणि तेच भाषणात, त्याचं नाव घेऊन, पुन्हा.

हात वर करायची वेळ आली. जाळ्यांच्या बाजूने सगळा हॉल. वाचनालयाच्या बाजूने मी. आणि उन्नती. तिने हात का वर केला असेल, सांगता येत नाही. रूपलचाही हात वर दिसला होता, पण कुठल्या वेळी, ते मी विचारलेलं नाही.

लाज वाटली. हे वाक्य खोडायला पेन उचललं होतं. राहू दे.

२६ मे
काही नाही.

१ जून, दुपारी चार
मासेमारी बंद. सकाळपासून जाळी येत आहेत. निळी, हिरवी, ढिगावर ढीग, हॉलभर खाऱ्या पाण्याचा आणि मासळीचा वास. इतक्या वर्षांत न हललेली कपाटं सोसायटीच्या माणसांनी चहा गार व्हायच्या आत मागच्या खोलीत नेली. कपाटं हलली तशी हॉलमध्ये फुल्ल रेंज आली. जाळ्यांना. माझ्या टेबलाला आत जागा नाही.

मंदा फलक उतरवायला शिडी घेऊन आली. अध्यक्ष म्हणाले, राहू दे, आता बरोबर आहे.

उन्नती आली. बरोबर रिद्धी आणि तेजल, त्यांची परीक्षा पुढच्या वर्षी. म्हणाली, यांना पासवर्ड द्याल का? पहिला भाग, प्रश्न, काही न विचारता मी सांगितला. ज्ञानपिपासा. तिने लिहिला. चुकीचा. मी म्हटलं दे इकडे. 'ज्ञ' मी इंग्रजीत कसा लिहिला होता? डी एन वाय? जी वाय? जे एन? आणि पिपासाला ए किती? सगळे करून पाहिले. मी स्वतः ते वायफाय कधी वापरलंच नव्हतं, टेबलावर रेंज नव्हती. फेब्रुवारीपासून गावात कोणालाच, म्हणजे मलाही, आत जाता येत नव्हतं.

उन्नती म्हणाली, राउटर पहिल्यासारखा करावा लागेल, मागे बारीक भोक असतं, पिन लागते. जाळं उसवत बसलेल्या जमनाआजीने पदराची पिन काढून दिली. दिवे गेले, दिवे आले. आता नवा पासवर्ड हवा. निदान आठ अक्षरांचा. उन्नतीने माझ्याकडे बघितलं. मी पिन जमनाआजीला परत दिली.

जाळ्यांच्या ढिगावरून दादूकाका म्हणाले, "आस अमर्याद लाव."

सगळे हसले. उन्नतीने लिहिला. इंग्रजीत कसा लिहायचा हे कोणी विचारलं नाही, लगेच जोडला गेला. तासाभरात सगळ्या बंदराला पाठ. माणसं जाळी शिवता शिवता हवामानाचा व्हिडिओ लावून बसलीत. वाचनालयात आज उद्घाटनाइतकी गर्दी आहे. अहवालात लिहायला हरकत नाही. शब्द तसा माझाच आहे.

टेबल नाही म्हणून डायरी घेऊन पायऱ्यांवर आलो. मुलींचा क्लास चालू होता. न बोलता सरकून त्यांनी जागा करून दिली. इथे खरंच फुल्ल रेंज आहे. 'ज्ञानसागर'चा पहिला भाग लावला. थोडा वेळ बघितला आणि पुढे ढकलला.

मान वर केली तर डोक्यावर पाटी. पायऱ्यांवर बसण्यास मनाई. खाली सही माझी. मंदाला म्हटलं, ती शिडी जरा इकडे आण. ती म्हणाली, शिडी जाळ्यांखाली गेली, आता ऑगस्टला निघंल.